जावईबापूंच्या कानातला रुपया

श्रीपाद टिपणिसाच्या हातातून वस्तू पडत नसत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या उड्या मारत. "मी घट्टच धरलेली असते हो," असं तो फुटलेल्या बरणीकडे बघत सांगायचा, "पण तिलाच राहायचं नसेल तर मी काय करू?" ठाण्याला चरईत पंढरीशेटच्या चाळीत तो, त्याची आई आणि धाकटी बहीण हेमा अशी तिघं राहत. शेजारपाजारच्या बायका त्याच्या हातात कपबशी कधी देत नसत. समोर ठेवत आणि दोन पावलं मागे सरून उभ्या राहत.

चाळीपुरतं हे ठीक होतं. पण हेमाच्या साखरपुड्याला पेढ्यांच्या ताटानं उडी मारली, ती थेट भाऊसाहेब सुळ्यांच्या मांडीवर.

भाऊसाहेब म्हणजे नवऱ्यामुलाचे, सुधीरचे चुलते. कल्याणला पारनाक्यावर त्यांचं घर. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण जिभेला पेन्शन नव्हतं. त्यांनी धोतराच्या निऱ्यांतून पेढा उचलला, तोंडात टाकला, शांतपणे खाल्ला आणि म्हणाले, "पेढा उत्तम आहे. वाढायची पद्धत तेवढी नवीन दिसते." लोक हसले. तेवढ्यावर थांबतील तर ते भाऊसाहेब कसले! "लग्नात आमच्या सुधीरचा कान पिळणार तो हाच भाऊ ना? पिळा हो, जरूर पिळा. फक्त कान जागेवर ठेवा म्हणजे झालं."

मग मात्र बैठक खो खो हसली. भटजीही हसले, आणि भटजी तर टिपणिसांच्या बाजूचे होते.

आता कानपिळी म्हणजे काय, ते ज्यांची लग्नं झाली त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांची व्हायचीत त्यांना वेळेवर कळेल. तरी सांगून ठेवतो. होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्यामुलाचा कान पिळतो, "माझ्या बहिणीला नीट सांभाळ" असं बजावतो, आणि वरपक्ष त्याला शेला-नारळ देऊन सोडवणूक करून घेतो. अख्ख्या लग्नात मुलीकडच्या माणसानं मुलाकडच्या माणसाला हात लावायची सोय तेवढी एकच. ती सुद्धा भाऊसाहेबांनी आधीच नासवली.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर हेमा सांडलेले पेढे डब्यात भरत होती. श्रीपाद म्हणाला, "तुला लाज वाटली ना गं माझी?"

"लाज कसली रे दादा? पण मला तिथे जन्म काढायचाय. उद्या माझ्या हातून साधा चमचा पडला तरी म्हणतील, भावावर गेली." एवढं बोलली आणि तिला रडूच आलं. बहिणीला सासरी जन्मभर ऐकवलं जाणार आणि ते आपल्या या दहा बोटांमुळे, हे काही श्रीपादला सोसेना.

तो घरातून निघाला तो मासुंदा तलावावर जाऊन बसला. तिथे प्रोफेसर परशुराम यांचा खेळ चालला होता. हे प्रोफेसर दिवसा रेशनच्या दुकानात तराजू धरत आणि संध्याकाळी छातीला बिल्ले लावून जादू करत. बिल्ले कुठल्याशा संस्थानच्या राजानं दिलेत असं ते सांगत. संस्थान विलीन झाल्यामुळे कुणाला खातरजमा करता येत नव्हती. त्यांनी गर्दीतल्या एका लठ्ठ माणसाचा कान धरला आणि त्यातून टपकन नाणं काढलं. टाळ्या पडल्या. श्रीपाद ताडकन उभाच राहिला. भर मांडवात, भाऊसाहेबांच्या देखत, सुधीरच्या कानातून असाच रुपया काढायचा! मग बघू या कोण म्हणतो, टिपणिसाच्या हाताला भोक आहे!

गुरुदक्षिणा ठरली. रोज चहा आणि भज्यांची प्लेट.

पहिला धडा सोपा होता, म्हणजे प्रोफेसरांच्या हाताला. अंगठ्याच्या मुळाशी जी मांसाची गादी असते, तिथे नाणं चिमटून धरायचं आणि हात असा सहज सोडायचा की आत काही नाहीच. "हात विसरायचा," प्रोफेसर भजी मोडत म्हणाले. "हात आहे हेच विसरायचं." श्रीपाद हात विसरायला गेला की नाणं खाली पडे, आणि नाणं आठवलं की पंजा खेकड्यासारखा वाकडा होई.

त्यात नाणं कोणतं घ्यायचं हा एक वादच होता. साल सत्तावन्न, नवे पैसे नुकतेच निघालेले. नवा पैसा इतका चिमुकला की हस्तरेषेतच हरवायचा. जुना ढब्बू पैसा लपवायचा तर हात भीमाचा हवा. भोकाच्या पैशातून पलीकडचं दिसे. "चांदीचा राजाछाप रुपया आणा," असा प्रोफेसरांनी निकाल दिला. तसा रुपया टिपणिसांकडे एकच होता, आईच्या देव्हाऱ्यातला. श्रीपादच्या आजीपासून लक्ष्मीपूजनाला पुजला जात आलेला. श्रीपादनं देवाला नमस्कार केला, दिवाळीला अजून अवकाश आहे तोवर लक्ष्मीनं जरा पाय मोकळे करायला हरकत नाही अशी मनाची समजूत घातली, आणि तो रुपया खिशात टाकला.

झालं! वाकडा पंजा घेऊन श्रीपाद नळावर जायला लागला तशी चाळीत बातमी पसरली, टिपणिसांच्या श्रीपादला वात आला. ऐन लग्नसराईत हो, बिचाऱ्याला! शेजारच्या सुमतीबाई महानारायण तेलाची बाटलीच घेऊन आल्या आणि नको नको म्हणता म्हणता त्यांनी त्याचा पंजा धरून असा रगडला, की आतला रुपया सुळकन सुटून त्यांच्याच कपाळावर आपटला. "अगं बाई, वात निघाला!" असं म्हणून त्या जे पळाल्या, त्या हळद लावायलाच थांबल्या.

मालक पंढरीशेटचा उपाय वेगळा. पंढरीशेट मूळचे कोलशेतचे, बापजाद्यांची मिठागरं. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध. "त्याल कनाला लावतंस? हाताला मीठ चोल, मीठ! घाम येवाचा नाय न् नानाबी सुटाचा नाय." आणि काय सांगावं, मिठानं खरंच पकड बसली. फक्त श्रीपाद कुणाला पाणी देई ते खारट लागे.

घरात त्याची प्रेक्षक म्हणजे एकटी हेमा. लग्नाचे गव्हले व्हायचे होते. परातीत भिजल्या रव्याचा गोळा घेऊन ती बसायची आणि बोटांच्या चिमटीत तांदळाएवढे एकसारखे दाणे वळायची. बघणाऱ्याला वाटावं बोटं हलतच नाहीत, आणि परात भरत जायची. "दादा, कर तू. मी बघतेय."

श्रीपाद रुपया दाखवायचा, मूठ मिटायचा, फुंकर मारायचा. रुपया कधी चुलीपाशी पडे, कधी पाटाखाली जाई. हेमा उठून आणून देई, "पुन्हा कर" म्हणे. आणि एके दिवशी चमत्कार झाला. त्यानं मूठ उघडली तर रुपया नाही. गादीपाशी नाही, मांडीवर नाही, जमिनीवर नाही. घर धुंडाळलं. शेवटी सापडला तो गव्हल्यांच्या डब्यात, तळाशी.

"वा रे दादा! मला कळलंसुद्धा नाही," हेमा म्हणाली.

"मलाही नाही," श्रीपाद म्हणाला.

मग असं वरचेवर व्हायला लागलं. रुपया एकदा नैवेद्याच्या वाटीखाली निघाला, एकदा श्रीपादच्याच टोपीत. त्यानं गुरूंच्या कानावर घातलं. प्रोफेसरांनी भजं खाली ठेवलं, जे ते सहसा ठेवत नसत, आणि हळूच म्हणाले, "नाणं आता आपण होऊन जायला लागलं. टिपणीस, याला सिद्धी म्हणतात. आता कान!"

मधल्या काळात आईला देव्हाऱ्यात रुपया दिसेना. "रिठ्यात घालून ठेवलाय गं मी, लख्ख व्हायला," हेमा म्हणाली. पुढे आई रोज विचारायची आणि हेमा रोज म्हणायची, "काळा फार पडलाय."

कानांचा सराव घरात करू नये असा गुरूंचा दंडक होता, कारण घरचे कान फितूर असतात. म्हणून श्रीपादनं तो कचेरीत सुरू केला. तो सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. दुपारी जेवण झालं की त्याचे वरिष्ठ फणसेसाहेब खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून विचार करत. विचारांचा आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू येई. श्रीपाद सही घ्यायला आत गेला आणि त्याची नजर साहेबांच्या कानावर खिळली. काय कान होता! रुंद, मोकळा, पाळी पसरट. असा कान पुन्हा मिळायचा नाही. त्यानं हात पुढे केला मात्र, साहेब जागे झाले. श्रीपादच्या हातानं स्वभावानुसार उडी मारली. रुपया साहेबांचा कान आणि चष्म्याची काडी यांच्या मधोमध अडकून राहिला.

साहेबांनी चष्मा काढला. रुपया खणकन समोरच्या फायलीवर पडला. फाइल एका कंत्राटदाराच्या बिलाची होती. आणि दारात हेडक्लार्क उभे!

"हा रुपया कुणाचा?"

"माझा, साहेब."

"मग माझ्या कानामागे काय करतोय?"

"सराव करत होतो."

"कसला सराव?"

इथे सरळ जादू म्हणायचं की नाही? पण श्रीपाद घाबरला आणि म्हणाला, "बहिणीच्या लग्नाचा."

फणसेसाहेब सज्जन होते, पण नियमाबाहेर सज्जन नव्हते. संध्याकाळच्या आत श्रीपादच्या टेबलावर मेमो आला. 'आपण वरिष्ठांच्या कानामागे एक रुपया कोणत्या नियमान्वये ठेवला, याचा समक्ष खुलासा करावा.' हेडक्लार्कांना वेगळीच काळजी. रुपया लाच म्हणावा, सापडलेली वस्तू म्हणावी, की सरकारजमा करावा? आणि सरकारजमा करावा तर त्यावर मेलेल्या राजाचं तोंड! अखेर तो पाकिटात घालून, वर लाखेचं सील मारून, मुद्देमाल म्हणून तिजोरीत ठेवला गेला. म्हणजे टिपणिसांची लक्ष्मी ऐन लग्नाच्या तोंडावर सरकारी कोठडीत!

चाळीत जो तो सल्ला द्यायला लागला. सुमतीबाईंनी सांगितलं, शनीला तेल घाला. त्यांचं तेलाशिवाय पानच हलत नसे. पंढरीशेटच्या मते हे खाडीच्या जोडीभर मासळीचं, घटकाभराचं काम. "त्याला कवरासा यल लागतंय? सायबाच्या घरी जिताऱ्याची जोरी नेऊन दे. सुटशील."

"अहो शेट, लाच दिल्याचाच तर आळ आहे!"

"मंग? त्यो रुपया व्हता. ह्यो म्हावरा हाय!"

खुलाशाच्या दिवशी श्रीपादनं काय ते खरं सांगून टाकलं. साखरपुडा, पेढे, भाऊसाहेब, हेमाचं रडणं, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं, सील फोडलं आणि म्हणाले, "करून दाखवा." मग काय विचारता! रुपया पहिल्यांदा साहेबांच्या चहात पडला, मग कचऱ्याच्या टोपलीत, मग हेडक्लार्कांच्या वहाणेत. साहेबांनी चष्मा पुसला, लेखणी उचलली आणि शेरा मारला: 'लाच देण्यास जे किमान हस्तकौशल्य लागते ते या इसमाकडे नाही, अशी समक्ष खात्री झाली. सबब प्रकरण दप्तरी दाखल.'

रुपया सुटला, नोकरी वाचली. पण श्रीपाद असं तोंड करून घरी आला, की बघणाऱ्याला वाटावं शिक्षाच झाली. लाच घेणाऱ्याला अक्कल लागते हे तो ऐकून होता, पण देण्याचीही आपली लायकी नाही, हे सरकारी शाईत लिहून मिळालेला तो ठाणे जिल्ह्यातला पहिलाच इसम असावा.

"मी नाही करत जादूबिदू," तो हेमाला म्हणाला. "गुपचूप कान पिळतो आणि बाजूला होतो."

हेमानं रुपया त्याच्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि परत त्याच्या तळहातावर ठेवला. "असं रे काय करतोस? कर तू. पडला तर पडला. मी समोरच आहे ना?"

लग्न लागलं ते चाळीपुढच्या पटांगणात, पंढरीशेटनं घातलेल्या मांडवात. गुपचूप काही राहणार नव्हतंच, कारण प्रोफेसर परशुराम सगळे बिल्ले लावून पहिल्या रांगेत बसले होते आणि अक्षता पडायच्या आधीच अर्ध्या वऱ्हाडाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "आमचा शिष्य! आता बघा, जावईबापूंच्या कानातून रुपया काढतो." भाऊसाहेबांनी ते ऐकलं. खुर्ची ओढून ते होमाच्या पुढ्यातच येऊन बसले, पानाचा विडा हातातच राहू दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुधीर, कानात कापूस घातलास का रे?"

श्रीपादनं हाताला मीठ चोळलं होतं. रुपया गादीत घट्ट बसला होता. आयुष्यात इतका घट्ट कधीच बसला नव्हता. आता कान पिळायचा, हात जरा वळवायचा, की झालं! तेवढ्यात भटजी म्हणाले, "हं, भावानं बहिणीच्या ओंजळीत लाह्या घाला."

लाह्या! होमात द्यायच्या लाह्या भावानंच घालायच्या असतात, हे का श्रीपादला ठाऊक नव्हतं? पण कानाच्या नादात लाह्यांचा सराव करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गुरूंच्याही नाही. समोर सूप आलं. वाकड्या पंजानं लाह्या उचलाव्यात तरी कशा? त्यानं बोटं पसरली, लाह्यांची मूठ भरली, हेमाच्या ओंजळीत सोडली, आणि हात एकदम हलका झाला.

हेमाच्या ओंजळीत पांढऱ्याशुभ्र लाह्यांच्या मधोमध राजाचं टक्कल चकाकत होतं.

हेमानं एकदा ओंजळीकडे पाहिलं, एकदा दादाकडे. खालून सुधीरचे हात तिच्या हातांना लागले होते. भटजींनी मंत्र म्हटला आणि ओंजळ अग्नीवर कलली. श्रीपादनं डोळे मिटून घेतले. लक्ष्मी अग्नीत चालली! आता खणकन आवाज येणार, आई किंचाळणार, भाऊसाहेब काहीतरी बोलणार आणि ते बोलणं हेमाला जन्मभर पुरणार. लाह्या तडतडल्या. आवाज मात्र झाला नाही. राखेत रुतला असेल, असं त्याला वाटलं.

"आता कान पिळा."

श्रीपादनं रिकाम्या हातानं सुधीरचा कान धरला. पिळला. बजावायचं ते बजावलं, "माझ्या बहिणीला नीट सांभाळा." अख्खा मांडव माना उंच करून बघत होता. आता सोडावा तर रुपया कुठाय म्हणणार, म्हणून त्यानं कान सोडलाच नाही, आणखी पिळला. सुधीर बिचारा गरीब माणूस, कान कोकमासारखा लाल झाला तरी हळूच एवढंच म्हणाला, "झालं का हो?"

"जरा थांबा," श्रीपाद म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि धूर होता म्हणून बरं.

"काय हो टिपणीस," भाऊसाहेब कडाडले, "रुपया निघतोय की कानच घेऊन जाताय?"

मांडव फुटला. वरमाय पदरात हसली. प्रोफेसरांनी छातीवरचा एक बिल्ला हळूच काढून खिशात टाकला.

आणि तेवढ्यात हेमानं मान वर केली. मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "दादा, अरे, तो कान नव्हे. माझ्या बाजूचा."

असं म्हणून तिनं हात लांब केला आणि भर मांडवात, अग्नीच्या साक्षीनं, भटजींच्या समोर, नवऱ्याचा कान धरला! अजून उखाण्यात नाव घ्यायचं होतं, त्याच्या आधी कान! तिनं बोटं जराशी वळवली. बघणाऱ्याला वाटावं हललीच नाहीत. आणि चिमटीत राजाछाप रुपया धरून सगळ्यांना दाखवला.

भटजी मंत्र विसरले. पहिल्यांदा हसला तो सुधीर. दुखऱ्या कानावर हात ठेवून इतका मोठ्यानं हसला, की मग वऱ्हाडाला आवरेना. त्याचे हात तिच्या हातांखाली होते, तेव्हा त्याला मघाशीच काही कळलं असेल तर त्यानं ते तोंडावर दिसू दिलं नव्हतं. हा माणूस हेमाला जपेल, अशी श्रीपादची तिथल्या तिथे खात्री पटली.

"अगं बाई, ही तर आपल्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी!" आई ओरडली.

"लक्ष्मी?" भाऊसाहेब उठून उभे राहिले. विडा खाली पडला, त्यांच्या हातून. "म्हणजे पाऊल टाकायच्या आधीच सूनबाईंनी आमच्या पोराच्या कानातून लक्ष्मी काढली म्हणायची! अहो, एवढी वर्षं आम्ही त्या कानात ओरडतोय, त्यातून कधी काही निघालं नाही!" मग पुढे वाकून त्यांनी विचारलं, "पोरी, खरं सांग, हे शिकवलं कुणी?"

हेमानं श्रीपादकडे पाहिलं. "दादानं," ती म्हणाली.

श्रीपादला गव्हल्यांचा डबा आठवला. नैवेद्याची वाटी आठवली, टोपी आठवली. त्याची सिद्धी शालू नेसून समोर बसली होती आणि त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. त्याला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्ही आवरायला धूर काही पुरेना.

भाऊसाहेबांनी शेला स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर घातला आणि नारळ पुढे केला. श्रीपादनं तो दोन्ही हातांनी घेतला. घट्टच धरला होता. पण हाताला मीठ, डोळ्यांत पाणी, आणि नारळालाच राहायचं नव्हतं. तो निसटला आणि भाऊसाहेबांच्या अंगठ्यावर आदळला.

हेमा पाटावरून अर्धी उठली. भाऊसाहेबांनी एका पायावर उभं राहून अंगठा चोळला, मग खाली वाकून नारळ स्वतः उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा श्रीपादच्या हातात दिला.

"चालायचंच," हसायला निघालेल्या वऱ्हाडाकडे डोळे वटारून ते म्हणाले, "कलावंत माणूस आहे. त्याचं नारळाकडे लक्ष नसतं."